शीर्षकातच शिवी असलेलं पुस्तक वाचनालयाच्या दर्शनी काचेत लावावं का? (फळ्यावर लिहिलं आणि घोळ झाला)

खडू_फळा

मंडळी एक सल्ला पाहिजे होता, विषय जरा नाजूक आहे, हसू नका.

मी आमच्या पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी देवघेवीला बसतो. नाव सांगत नाही, कोल्हापुरात पेठा मोजक्या, लगेच ओळखाल. आमच्याकडं रस्त्याच्या अंगाला एक काचेचं कपाट आहे आणि दाराबाहेर काळा फळा. पद्धत अशी की मागणी वहीत ज्या पुस्तकाला महिनाभरात सगळ्यात जास्त मागणी, ते पुढचा महिना काचेत, कव्हर रस्त्याकडं करून, आणि फळ्यावर खडूनं त्याचं नाव. यात कुणाची आवडनिवड नाही, वही सांगेल ते. बहुतेक वेळा एखादी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी येते आणि सगळे खूश.

या महिन्यात वहीनं सांगितलं मार्क मॅन्सनचं ते नारिंगी कव्हरचं इंग्रजी पुस्तक, २०१६ चं, ज्याच्या नावात एफवरनं सुरू होणारी शिवी आहे. १४ मागण्या, सगळी कॉलेजची पोरं. कव्हरवर त्या शिवीतल्या यू च्या जागी शाईचा डाग पाडलाय. काचेत लावलं, तीन दिवस कोणी चकार शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी मी फळा लिहिला, देवनागरीत, आणि तिथं माती खाल्ली. इंग्रजीत यू झाकला की शब्द निदान अर्धा तरी झाकतो. मराठीत झाकायचं काय? फ आणि क च्या मधे अक्षरच नाही, तो अ फ च्या पोटातच बसलाय. मी बापडा मधे एक फुली मारली तर ती फुली काही झाकंना, उलट टिकली लावल्यासारखी दिसाय लागली.

शाळा सुटल्यावर सहावीतली दोन पोरं फळ्यासमोर उभी राहिली आणि फुलीसकट मोठ्यानं वाचलं, "फ फुली क". मग ते गाणंच झालं आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. रात्री नऊ वाजता उपाध्यक्षांना फोन, साडेनऊला त्यांचा मला.

एवढ्यावर थांबलं असतं, पण एका सभासदानं त्याच्या मित्राचा कवितासंग्रह भेट दिलाय. मराठी, पदरचे पैसे घालून छापलेला, आणि शीर्षक म्हणजे आपली अस्सल कोल्हापुरी शिवी. डाग नाही, फुली नाही. त्याला आताच नऊ मागण्या आहेत, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच काचेत यायचा.

रविवारी कार्यकारिणीची मीटिंग आहे. काहींचं म्हणणं दोन्ही आत टाका. काही म्हणतात इंग्रजी राहू दे, मराठी नको. खजिनदार एकटे म्हणतात नियम तो नियम. मला म्हणाले फळा तू लिहितोस, तुझं मत सांग. वाचनालयात ठेवावं का हा प्रश्नच नाही, दोन्ही दाखल नोंदवहीत चढलीत, घरी न्यायला कुणालाही मोकळी आहेत. प्रश्न फक्त काचेचा आणि फळ्याचा.

---

तांबडा_रस्सा

फ फुली क!!! भावा चहा नाकातनं आला.

पहिलं मला सांग कोल्हापुरात शिवी धरायची कशाला? इथं जिवलग माणसाला हाक मारायची सुरुवातच तिथनं. बाहेरगावचा पाहुणा घाबरतोय की आता मारामारी होतीय आणि आम्ही मिसळ खायला चाललेलो असतोय. उलट एखाद्याला नीट पूर्ण नावानं हाक मारली की समजायचं याच्याशी बिनसलंय.

आणि दादा कोंडके विसरलास व्हय. १९७८ ला 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' आला तेव्हा हे नाव पोस्टरवर हातभर अक्षरात होतं, रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर. त्यात एक शिवी दाखव. आणि आता तेच नाव आईसमोर मोठ्यानं वाचून दाखव.

त्या इंग्रजी चालंल मराठी नको वाल्यांना माझा नमस्कार सांग. इंग्रजी शिवी पँट घालून आली म्हणून खुर्ची आणि मराठी शिवी धोतरात आली म्हणून उंबऱ्याबाहेर. लाव की दोन्ही, विषय हार्ड.

---

पाटीवरची_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. (हो, बाईच आहे. कोल्हापूरची आहे म्हणून "शिकवतो". पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करू नये.)

रस्साभाऊ, पोरं वाचायला कशी शिकतात बघितलंय का कधी? अक्षरं जुळाय लागली की पुढचे सहा महिने जे दिसेल ते वाचतात. केएमटीच्या बसची पाटी, दुकानांची नावं, भिंतीवरचं "येथे कचरा टाकू नये", वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावरची गल्लीतल्या सगळ्या दादांची नावं. आम्हीच सांगितलेलं असतं, दिसेल ते वाचा, मोठ्यानं वाचा. मग त्या दोन पोरांनी केलं ते चुकलं कुठं? मी असतो तर शाबासकी दिली असती, जोडाक्षर नाही म्हणून सोपं होतं.

त्यांना शिव्या माहीत नसतात असलं काही माझं म्हणणं नाही. माझ्यापेक्षा जास्त येतात. मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहून बघा. पण आम्ही पहिलीपासून एक गोष्ट डोक्यात बसवलेली असते, की फळ्यावर जे लिहिलंय ते बरोबर असतं आणि ते उतरवून घ्यायचं असतं. काचेतलं कव्हर आणि फळा यात फरक आहे तो हा. कव्हर लेखकाचं. फळा मास्तरचा.

दुसरं, ती मराठी शिवी कुठली हे तुम्ही सांगत नाही आहात म्हणजे अंदाज आला. आपल्या चांगल्या चांगल्या शिव्या बघा, खाणारा बाप्या असतोय आणि सोसणारी बाई, आणि ती तिथं हजर पण नसते. माझा भाऊ मित्राला "रांडेच्या" म्हणतो, प्रेमानंच म्हणतो, मान्य. त्या शब्दात जी बसलीय तिला कुणी विचारलं का, बाई तुला चालतंय का आमचं प्रेम?

पुस्तक आत ठेवा, मी स्वतः नेऊन वाचतो. आतल्या रॅकपाशी माणूस स्वतःच्या पायानं येतो. रस्त्यानं जाणाऱ्याला मात्र नको म्हणायची सोयच नाही.

---

आमचा_कट्टा

आज शिवी काचेत लावाल उद्या काय लावाल? वाचनालय हे सरस्वतीचं मंदिर आहे. संपला विषय.

---

तांबडा_रस्सा

@आमचा_कट्टा मंदिराचं म्हणाल तर शिमग्याला बोंब कुणाच्या नावानं मारता? आणि जवळच साताऱ्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. बोरीचा बार. दरवर्षी. मधे पोलीस असतात ते फक्त ओढा कुणी ओलांडू नये म्हणून. ती पण आपलीच संस्कृती की.

---

पाटीवरची_बाई

बरोबर बोललात, आणि त्यातच तुमचं उत्तर आहे. वर्षातला एक दिवस, ओढ्याचा काठ, आणि वाजतगाजत घरी. दुसऱ्या दिवशी त्याच शिव्या बाजारात घालून बघा म्हणावं.

---

बावड्याचा_वकील

कायद्याचं कुणी विचारलं नाही पण उपाध्यक्षांना फोन गेलाय म्हणजे "गुन्हा दाखल करीन" हे वाक्य आलंच असणार म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यातलं कलम २९४ म्हणजे आपलं जुनं आयपीसी २९२, अश्लील पुस्तकांबद्दलचं, आणि त्यात विकणं, भाड्यानं देणं, वाटणं याच्या सोबतीला जाहीरपणे मांडणं हे पण आहे, म्हणजे तुमचं काचेचं कपाट कायद्याच्या नजरेतनं सुटलेलं नाही. पण कलम आहे अश्लीलतेचं, शिवीचं नव्हे, आणि सुप्रीम कोर्टानं मार्च २०२४ मध्ये एका वेबसिरीजच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलंय की शिवराळ भाषा, असभ्य भाषा ही आपोआप अश्लील होत नाही, अश्लील म्हणजे कामुक भावना चाळवणारं. ऐकणाऱ्याला किळस आली, धक्का बसला, एवढ्यानं भागत नाही. त्याच्या आधी २०१४ ला अवीक सरकार प्रकरणात कोर्टानं जुनी इंग्रजांच्या काळातली कसोटी सोडून आजच्या समाजाला काय पटतं ती कसोटी धरली. आणि साहित्य, कला, विद्या यांच्या हिताचं असेल तर कलमातच सूट आहे. तेव्हा नारिंगी पुस्तकाला काही होत नाही, कवितासंग्रहाला पण नुसत्या शीर्षकावरनं काही व्हायला नको.

आता दुसरी बाजू. जिंकणं वेगळं आणि हेलपाटे वेगळे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या बुलेटिनमध्ये १९९४ ला छापून आली, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१५ चा. एकवीस वर्षं. मुद्रक आणि प्रकाशक सुटले, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हणून सांगितलं. आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आलंय, त्यामुळं मुंबईचं तिकीट तरी वाचेल तुमच्या वाचनालयाचं.

आणि एक, कायदा फक्त एवढंच सांगतो की हा गुन्हा आहे का नाही. गुन्हा नाही म्हणजे लावायलाच पाहिजे असं होत नाही. माझ्या ऑफिसात कायद्यानं चालणाऱ्या शंभर गोष्टी आहेत ज्या मी दारात मांडत नाही.

---

प्रदर्शनवाला

मी पुस्तकं विकतो. शाहू स्मारकला, कॉलेजात, लग्नाच्या हॉलात, जिथं टेबल मिळेल तिथं प्रदर्शन लावतो. तुम्ही सगळे चांगलं वाईट बोलताय, मी नुसतं दिसतं ते सांगतो.

असल्या शीर्षकाचं पुस्तक पुढं लावलं की माणसं थांबतात हे खरं. उचलतात, मित्राला दाखवतात, फोटो काढतात, ठेवतात. दहातला एक घेतोय. पाठकणा पुढं करून लावलं तरी पण दहातला एकच घेतोय कारण ज्याला घ्यायचंय तो घरनंच ठरवून आलेला असतो. म्हणजे पुढची जागा गेली फोटोत. ते नारिंगी पुस्तक तर फुटपाथवर चोरून छापलेल्या कॉप्यांचे ढीग लागलेत, त्याला तुमच्या काचेची कसली गरज? १४ जण मागतात ते काचेत नसतं तरी १४ च जण मागणार.

माझं म्हणाल तर तुमचा नियमच उलटा आहे. मागणी असलेलं काचेत कशाला, जे मागायचं कुणाला सुचत नाही ते काचेत लावा. कोल्हापूरला हे कुणी सांगायची गरज नाही, इथं बाबूराव पेंटर स्वतः सिनेमाची पोस्टरं रंगवत होते, त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर आज देशातल्या सगळ्यात जुन्या पोस्टरांत धरतात. पोस्टर काढायचं ते लोकांना अजून माहीत नसलेल्या गोष्टीचं.

एक धंद्यातली युक्ती फुकट सांगतो. शिवीवर किमतीचं स्टिकर कधी लावू नका. मी एकदा लावलं. दिवसभर पोरं ते स्टिकर नखानं खरवडत होती, वीस कव्हरं खराब झाली.

---

जुना_सभासद

मी इंग्रजी शिकवत होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वय सांगितलं तर तुम्ही मला दुसऱ्या बाजूला बसवाल म्हणून सांगत नाही.

स्टिकरवरून आठवलं. १९७० साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगमंचावर आलं तेव्हा लुगड्यावरच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली. नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा निळा डाग लाल समजावा. त्या दिवशी लाल डाग जेवढा लाल दिसला असता त्याहून जास्त लाल त्या निळ्यात दिसला असणार. तुमची फुली म्हणजे तोच निळा डाग.

आमच्या तरुणपणी मी ज्या वाचनालयात जायचो तिथं "आतलं कपाट" होतं. कुलूपबंद. चिठ्ठी लिहून द्यायची, ग्रंथपाल चष्म्यावरून बघायचे, मग मिळायचं. आम्ही अख्खं मराठी साहित्य त्या कपाटाच्या क्रमानं वाचलं. बाहेरच्या रॅकवर काय होतं ते मला निवृत्तीनंतर कळलं. म्हणून लपवून काही होतं यावर माझा विश्वास नाही.

पण शीर्षकाची चाळणी लावायची म्हटलं तर ती चाळणी फारच विनोदी आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', १९७२ चा, प्रस्तावना तेंडुलकरांची. शीर्षक म्हणजे मुंबईतल्या एका वस्तीचं नाव, चाळणीतनं सहज पास. आत उघडा आणि कुठलंही पान कार्यकारिणीत मोठ्यानं वाचा. आणि उलट बाजूला हॅरी फ्रँकफर्ट नावाचा प्रिन्स्टनचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, त्याचा निबंध मुळात १९८६ चा, २००५ ला विद्यापीठाच्याच प्रेसनं छोटं पुस्तक केलं, 'ऑन बुलशिट'. खपलं एवढं की न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत आलं, आणि तिथं त्यांनी त्या शब्दाची शेपटी कापून रेघा ओढल्या. पण पुस्तक कशावर आहे? खोटं बोलणारा निदान खरं काय ते ओळखून असतो, आणि हा दुसरा प्रकारचा माणूस, त्याला खरं खोटं कशाचंच देणंघेणं नसतं, या फरकावर. त्या माणसाच्या बोलण्याला इंग्रजीत दुसरा शब्दच नाही. शिवी हाच विषय आहे.

तेव्हा मी एकच करून बघतो. शीर्षकातली शिवी काढा आणि तिथं साधा शब्द घाला. पुस्तक जसंच्या तसं राहिलं तर ती शिवी दुकानदाराची होती. फ्रँकफर्टचा शब्द काढला तर पुस्तकच उरत नाही, ती शिवी लेखकाची. मॅन्सनसाहेबांचं पुस्तक मी नातवाकडून घेऊन वाचलं. "कशाकशाची फिकीर करायची ते नीट निवडा" असं नाव दिलं असतं तरी आतलं एक पान बदलायला लागलं नसतं. खप मात्र बदलला असता.

तुमचा तो मराठी कवितासंग्रह मी वाचलेला नाही. त्याची ती शिवी कुणाची आहे? हे कळल्याशिवाय मी मत देणार नाही.

---

खडू_फळा

सगळ्यांना उत्तर देतो, उशीर झाला, आज देवघेवीला गर्दी होती.

बाई, फळा मास्तरचा हे तुम्ही लिहिलं ते वाचून मी जरा गप्पच बसलो. मला वाटत होतं मी फक्त नाव उतरवून काढतोय. पण ते माझं अक्षर, वाचनालयाचा खडू. म्हणजे त्या दिवशी वाचनालयच बोललं असं झालं.

सर, तुमच्यासाठी काल रात्री तो संग्रह पुन्हा काढून बसलो. खरं सांगायचं तर आधी मी तीनच कविता वाचल्या होत्या, बाकी शीर्षकावर हसून झालं होतं. कवीचे वडील गुऱ्हाळावर कामाला होते, चुलवाणाला चिपाडं सारायचं काम, हंगामभर धगीसमोर. मालकानं त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. एकच शिवी, तीच हाक, पोरासमोर पण तीच. वडील "आलो मालक" म्हणून उठायचे. शेवटच्या कवितेत वडील गेल्यावर दाखला काढायला हा तलाठ्याकडं जातो, तिथला माणूस विचारतो मयताचं नाव, आणि याच्या तोंडात आधी ती शिवी येते. शीर्षक ते आहे.

आता सांगा काढून काय घालू तिथं.

---

तांबडा_रस्सा

हे माहीत नव्हतं.

वर मी लिहिलं होतं की आमच्यात हाक मारायची सुरुवातच तिथनं. आता ते वाचाय मलाच कसंतरी व्हायलंय. राहू दे, पुसत नाही.

---

पाटीवरची_बाई

माझा पण प्रश्न होता बाई सोसते त्याचा, इथं बापानं सोसलंय. पहिल्यांदा त्या शब्दातल्या दोघांकडं कुणीतरी बघितलं म्हणायचं. मला हा संग्रह पाहिजे, वहीत नाव घाला.

पण रस्त्याकडच्या काचेचं माझं मत बदललं नाही बरं. तुम्ही आम्ही आतली शेवटची कविता वाचून ते शीर्षक वाचणार. सहावीतलं पोरगं नुसतं शीर्षक वाचणार, आणि उद्या मैदानावर कुणालातरी तीच हाक मारणार, त्या मालकासारखी. कवीला हे पाहिजे असेल का?

---

प्रदर्शनवाला

ते कपाट नुसतं पुढनं काचेचं आहे का मागनं पण?

---

खडू_फळा

दोन्हीकडनं काच आहे, जुनं सागवानी आहे, भिंतीत बसवलेलं. आत आलं की मागच्या बाजूनं पण दिसतं, पण तिकडं कोण बघत नाही, तिथं आम्ही छत्र्या टांगतो. का?

---

प्रदर्शनवाला

मग पुस्तक फिरवा की. तोंड आत, पाठ रस्त्याकडं. कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर काय आहे?

---

खडू_फळा

एक कविता आहे, आठ ओळींची. चुलवाणावरची. त्यात शिवी नाही.

हे मला का सुचलं नाही.

---

बावड्याचा_वकील

वा. कलम २९४ सुद्धा गप्प बसेल. छत्र्या मात्र काढा.

---

आमचा_कट्टा

म्हणजे शेवटी लपवलंच ना, मी तेच म्हणत होतो.

---

जुना_सभासद

@आमचा_कट्टा नाही हो. आमचं आतलं कपाट कुलुपाचं होतं, त्याला म्हणतात लपवणं. इथं रस्त्यावरच्या माणसाला आठ ओळी वाचायला मिळतात आणि आत आलेल्याला नाव. ग्रंथपालांचा चष्मा मधे येत नाही.

फक्त एक अट घाला, रविवारी ठासून सांगा. जे मराठीला तेच इंग्रजीला. नारिंगी पुस्तकाची पण पाठच रस्त्याकडं. नाहीतर रस्सासाहेबांचं ते पँट आणि धोतर खरं ठरेल.

---

खडू_फळा

मीटिंग झाली. दोन तास चालली, त्यातला पाऊण तास छत्र्या कुठं टांगायच्या यावर.

मी तीन गोष्टी मांडल्या. फळ्यावर असल्या पुस्तकाचं नाव मी लिहिणार नाही, लेखकाचं नाव आणि दाखल क्रमांक लिहीन, कारण शब्द लेखकाचा असला तरी खडू आपला आहे. काचेत पुस्तक लागेल, वही सांगेल ते, तोंड आत करून. आणि भाषा कुठली ते बघायचं नाही. प्रदर्शनवाल्यांचा मुद्दा पण मांडला, की मागणी नसलेली पुस्तकं काचेत लावूया, तर खजिनदार म्हणाले तसली आपल्याकडं अकरा हजार आहेत.

फळ्याचं पास झालं. तोंड आत करायचं पण पास झालं. मग उपाध्यक्ष म्हणाले इंग्रजीचं आजपासून करा, मराठीचं पुढच्या मीटिंगला बघू. मी त्या दोन आठवड्यात संग्रह वाचून या म्हणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी वर्तमानपत्रात गुंडाळून मागितला, मग नुसताच पिशवीत टाकून नेला. आणि मी म्हटलं मग इंग्रजीचं पण पुढच्या मीटिंगलाच बघू, एकाला उंबरा आणि एकाला खुर्ची नको. त्यामुळं सध्या काचेत आमचा वार्षिक अहवाल लावलाय, त्याला आजवर एकही मागणी आलेली नाही.

फळ्यावर आज नुसतं "मॅन्सन" आणि त्याखाली दाखल क्रमांक लिहिला. तीच दोन पोरं आली, वाचलं, आणि आत येऊन विचारतात काका हा नंबर कशाचा?

---

तांबडा_रस्सा

मग काय सांगितलंस त्यांना??

आणि त्या कवितासंग्रहाचं नाव सांग की आता तरी, किती ताणायचं.

---

खडू_फळा

पोरांना दाखल नोंदवही दाखवली, नंबर कसा पडतो ते. अर्धा तास बसली, शेवटी बालविभागातनं एकेक पुस्तक घेऊन गेली. अनामत उद्या आणतो म्हणाली, बघूया.

नावाचं म्हणशील तर इथं लिहिलं की परत फळाच झाला. ये की वाचनालयात. साडेपाच ते साडेआठ, सोमवारी बंद. उपाध्यक्षांकडनं आला की तुझा नंबर बाईंच्या नंतर, अठरावा.